मासे साफ करून मिळतील

कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा म्हणजे तिची विष्ठा असते, हे मला वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी जन्मभर कोळंबी खात आले होते. मालवणी घरात जन्मले, मालवणी घरातच दिली. पण कोळंबी माझ्यापर्यंत यायची ती सोललेली, लाल मसाल्यातली, वर कोथिंबीर भुरभुरलेली. त्याआधी ती कुठे असते, तिच्या अंगात काय काय भरलेलं असतं, याची चौकशी मी कधी केली नाही. चांगल्या घरच्या मुली असल्या चौकशा करत नाहीत, असं माझं मत होतं.

माहेरी आई मागच्या दारी मासे साफ करायला बसली की मी पुढच्या दारी पुस्तक घेऊन बसायचे. अभ्यास बेताचाच झाला, मासे मात्र अजिबात आले नाहीत. लग्न होऊन कांजूरमार्गच्या बैठ्या चाळीत आले, तर पहिल्याच रविवारी सासूबाईंनी माझ्यापुढे मांदेलीचा वाटा आणि विळी ठेवली. मी पदर नाकाला लावला आणि डोळ्यांत पाणी आणलं. पाणी आणता यायचं मला. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, वाटा स्वतःकडे ओढला आणि म्हणाल्या, "गो, तुका घाण येता? खाताना बरी येणा नाय ती."

पुढची बावीस वर्षं मासे त्यांनीच साफ केले, आणि दर रविवारी हे वाक्य मला ऐकवलं. मी ऐकून घ्यायचे. आपण नाजूक आहोत, आपलं नाक वरच्या प्रतीचं आहे, अशी माझी समजूत होती. आता त्या बाईची, म्हणजे तेव्हाच्या माझीच, आठवण झाली की तिला एक ठेवून द्यावीशी वाटते. संध्याकाळी वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास आमच्या घरात शिरायचा, उशांच्या अभ्र्यांत बसायचा, आणि त्यावर डोकं ठेवून ही नाजूक बाई खुशाल घोरायची. चार बोटांच्या मांदेलीने मात्र हिला चक्कर यायची.

यांची नोकरी मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, एका छोट्या कारखान्यात होती. तिथे यंत्रांचे सुटे भाग बनायचे. एका उन्हाळ्यात मालकाने कुलूप घातलं आणि तो गुजरातेत निघून गेला. हे घरी आले, डबा मोरीत ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. आठ दिवस तसेच बसले. नवव्या दिवशी पहाटे उठून स्टेशनवर गेले, गणपतीची तिकिटं काढायला. आमच्याकडे नोकरी असो नसो, गणपतीला गावी जायचं, आणि त्याची रांग तीन-चार महिने आधी लावायची. दुपारी परत आले, तिकिटं देवापुढे ठेवली. मी बघितली. जायची चार होती: हे, मी, मुलगी आणि सासूबाई. यायची नव्हती.

मी विचारलं, परतीची रांग उद्या लावणार का. ते म्हणाले, लावणार नाही. मोठ्या भावाशी फोनवर बोलणं झालंय. गावच्या घरात आपल्या वाटणीच्या दोन खोल्या आहेत, काजूची झाडं आहेत. ही खोली देऊन टाकू. मुलगी तेव्हा नुकतीच दहावी होऊन मुलुंडच्या कॉलेजात अकरावीला जाणार होती. तिने ऐकलं, फॉर्मवर लावायचे फोटो पुन्हा पाकिटात घालून ठेवले. रडली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा मी ठरवलं, धंदा करायचा. गणपतीच्या आत असं काही उभं करायचं की यांना परत यावंच लागेल. आता नाजूक बाईने धंदा निवडायचा तर तो कोणता? सुवासिक. आधी उटण्याच्या पुड्या केल्या. उटणं लोक दिवाळीला लावतात, मी विकायला निघाले वैशाखात. मग बचत गटात शिकून सुगंधी मेणबत्त्या केल्या, गुलाबी आणि जांभळ्या. आमचं पत्र्याचं छप्पर. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर सगळ्या मेणबत्त्या एकमेकींच्या गळ्यात पडून माना टाकून बसल्या होत्या. सासूबाईंनी त्यांतली एक उचलून हुंगली आणि कोण मेलंय असं विचारलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सासूबाई नळावर घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्या त्या बुधवारी. बुधवार म्हणजे माशांचा वार. पिशवीत कोळंबी होती, हे सकाळीच घेऊन आले होते. सासूबाई स्टुलावर बसल्या आणि पायाने पिशवी माझ्याकडे सरकवली.

"माजो हात मोडलो," त्या म्हणाल्या, "जीभ नाय. बस."

बसले. पहिल्या कोळंबीचं डोकं मुरडलं आणि त्यातून केशरी, चिकट, कोमट काहीतरी माझ्या बोटांवर ओघळलं. मी मोरीकडे धावले. परत आले, दुसरी घेतली, परत धावले. चौथ्या खेपेला पोटात काही उरलं नव्हतं, तरी उमाळे येतच होते. सासूबाई शांतपणे पुढचं पुढचं सांगत होत्या. कवच काढ. पाठीला चीर दे. तो दोरा ओढ. दोरा कसला म्हणून विचारलं तर त्यांनी एका शब्दात सांगितलं. मी ताटाकडे बघत राहिले. बावीस वर्षांचे रविवार मला घशाशी आले. त्यांनी कधी एखादा दोरा राहू दिला असेल का, असं मनात आलं आणि पाचव्यांदा मोरीकडे गेले.

त्या दिवशी जे झालं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. दुसरी कुठलीही बाई दोरा काढते, पाण्याने एकदा धुते, संपलं. मला ते जमेना. एका कोळंबीत जरी केसाएवढा काळा दोरा राहिला असेल या कल्पनेने अंगावर काटा येत होता. मी प्रत्येक कोळंबी उजेडात धरून बघितली. पायांच्या मुळाशी जी बुरशीसारखी लव असते ती पिनेने खरवडली. मीठ लावून धुतली, हळद लावून धुतली, तांदळाच्या पिठाने चोळून धुतली, परत धुतली. दोन तास लागले. शेवटी ताटात जे होतं ते पांढरंशुभ्र होतं, त्याला कसलाही वास नव्हता.

सासूबाईंनी ताट डाव्या हाताने पुढे ओढून बघितलं. "कोळंबेक आंगोळ घातलंस," त्या म्हणाल्या, "की मुंज लावलंस?"

मी तेव्हा रागावले होते. पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं होतं. ते मला कळायला रविवार उजाडावा लागला.

रविवारी मी त्यांना धरून बाजारात घेऊन गेले. आमच्या समोर एका बंद पडलेल्या कंपनीच्या जागेवर टॉवर झाला होता, आणि रविवारी त्या टॉवरमधल्या नोकरीवाल्या बायका मासळीबाजारात यायच्या. घ्यायच्या हौसेने, आणि मग पिशवी हातात धरून उभ्या राहायच्या, हरवलेल्या पोरांसारख्या. कोळीण मोठे मासे कापून द्यायची, पण कोळंबी-मांदेली सोलत बसायला तिला वेळ नव्हता, आणि ती तसं शेलक्या शब्दांत सांगायची. त्या दिवशी साठीच्या एक मॅडम तिच्याशी हुज्जत घालत होत्या. टॉवरच्या महिला मंडळाच्या त्या अध्यक्षा. घरी पाहुणे येणार, मोलकरीण माशाला हात लावत नाही, सून तर पिशवी असते त्या खोलीतसुद्धा थांबत नाही. सासूबाईंनी प्लास्टरचा हात माझ्या पाठीत ढोसला आणि मोठ्याने म्हणाल्या, "हिच्याकडे द्या. ही करून देतली."

जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. जमीन कुठली दुभंगायला, खाली माशाचं पाणी आणि खवले. मॅडमनी मला वरून खाली बघितलं आणि विचारलं, नीट येतं ना. आता इथे माझ्या तेव्हाच्या अकलेचा नमुना बघा. मला साफ करता येणारा मासा जगात एकच होता, तोही चार दिवसांपूर्वी शिकलेला. मी मान ताठ करून सांगितलं, "मॅडम, मी मालवणी आहे. आमच्या हाताला शिकवावं लागत नाही."

सासूबाईंना तेवढ्यात खोकला आला.

असं सुरू झालं. मॅडमच्या पाहुण्यांनी तशी कोळंबी कधी पाहिली नव्हती म्हणे. पुढच्या रविवारी तीन पिशव्या आल्या, मग बुधवारी, मग शुक्रवारी. मुलीने पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहिलं, 'मासे साफ करून मिळतील', आणि तो दाराला लावताना चाळीतलं कुणी बघत नाही ना ते बघितलं. यांनी तो पुठ्ठा वाचला आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले की आपल्या घरातली बाई लोकांच्या माशांची घाण काढणार, यापेक्षा गाव काय वाईट आहे. मलाही तसंच वाटत होतं.

कारण काम घाणच होतं. हल्ली महिला दिनाला मला कुठे कुठे बोलावतात, शाल देतात आणि जिद्दीबद्दल बोला म्हणतात. जिद्द हा शब्द ऐकला की मला आता मांदेलीपेक्षा जास्त मळमळतं. कसली जिद्द? बोंबलाचा जबडा उघडला की आत सुयांसारखे दात असतात आणि त्यांत कधी कधी अर्धा गिळलेला दुसरा मासा असतो. तो बोटाने ओढून काढायचा. माकुलाची पिशवी फुटली की शाई कोपरापर्यंत जाते. मांदेलीची शंभर डोकी चिमटून काढली की त्या ढिगातले दोनशे डोळे आपल्याकडेच बघत असतात. माश्या ओठांवर बसतात आणि हात भरलेले असल्यामुळे त्यांना हाकलता येत नाही. मी कापूर बांधलेला रुमाल नाकाला लावून बसायचे, आणि तरी दर पिशवीला एकदा मोरीकडे जायचे. रात्री बेसन लावून, लिंबू चोळून, चमचा घासून हात धुवायचे, आणि भाकरी तोंडाजवळ नेली की तोच वास. महिनाभरात चाळीतली सगळी मांजरं माझ्या मागून चालायला लागली होती.

माशांची किळस एक वेळ परवडते, माणसांची परवडत नाही. टॉवरमधल्या बायका पिशवी दोन बोटांत धरून लांबूनच पुढे करायच्या, जणू ती मी त्यांच्या घरी टाकून आले होते. एकीने मला लिफ्टने न येता जिन्याने यायला सांगितलं, लिफ्टला वास लागतो म्हणून. नवव्या मजल्यावर मी तिची कोळंबी पोचवायला जिन्याने गेले आणि तिने दारातच डबा हुंगून बघितला. कुणाचीच मान वर करून बघायची तयारी नाही. मला त्यांची शिसारी यायची, आणि त्याहून जास्त स्वतःची, कारण बावीस वर्षं आमच्या घरातली नवव्या मजल्यावाली मीच होते.

तरीही गाडी चालली होती. चालली होती ती हाताच्या सफाईवर नव्हे, माझ्या किळसेवर. ज्या बाईला माशांची सवय असते ती पटापट उरकते. मला सवय होत नव्हती, म्हणून मी काहीही शिल्लक ठेवू शकत नव्हते. हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं. मी देवाला सांगायचे, माझी ही ओकारी घालव. त्याने माझं ऐकलं असतं तर धंदा त्याच आठवड्यात बुडाला असता.

आषाढातला शेवटचा रविवार आला. दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे श्रावण. म्हणजे मासे बंद ते गौरी-गणपती होईपर्यंत. त्या रविवारी सगळी मुंबई शेवटचं खाऊन घेते. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती, कोळिणीने कापून द्यायला साफ नकार दिला आणि सगळ्यांना माझ्याकडे पाठवलं. तोवर माझ्याकडे यायचे बारीक मासे. त्या दिवशी पहिल्यांदा आख्खे मोठे मासे आले, पाले आणि मिशाळ शिंगाळे. आणि नेमक्या त्याच दिवशी सासूबाई सकाळीच घाटकोपरला बहिणीकडे जेवायला गेलेल्या.

शिंगाळ्याच्या बुळबुळीत अंगाला राख चोळून मी त्याचं पोट फाडलं. आत आतड्यांच्या खाली दोन लांबट, पिवळट गोळे होते. वर पातळ पडदा, त्यावर लाल-निळ्या शिरांचं जाळं. हाताला लिबलिबीत आणि जड. माशाला गाठी झाल्या आहेत, मला वाटलं. रोग. दुसरा शिंगाळा फाडला, त्यातही. पाल्यातही. कोळिणीने टॉवरवाल्यांना सगळा रोगट माल विकला होता. मला त्या बायकांची अगदी दया आली. मी एकेक गाठ काढली, पडदासुद्धा चिकटून राहू दिला नाही, आणि पोकळी मीठ-हळदीने घासून घासून काढली. त्या गाठी तशाच कचऱ्यात टाकवेनात. मांजरं खातील, मरतील. म्हणून त्या धुतल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, दोऱ्याने बांधल्या आणि कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातल्या. कोणाच्या माशात किती निघाल्या तेही लक्षात ठेवलं, म्हणजे सांगता येईल.

सांगायची वेळ आली नाही. बारा वाजता पिशव्या गेल्या आणि दीड वाजता मॅडम आमच्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या मागे टॉवरमधल्या आणखी दोघी. एवढ्या दिवसांत त्यांनी आमच्या चाळीत पहिल्यांदा पाऊल टाकलं होतं.

"ताई," मॅडम म्हणाल्या, "गाबोळी कुठे आहे?"

आषाढात मासे गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेले असतात. लोक त्या दिवसांत मासा घेतात तोच मुळी गाबोळीसाठी. ही गोष्ट मला ठाऊक होती, मी लहानपणापासून आषाढात गाबोळी खात होते. पण मला ठाऊक असलेली गाबोळी रव्यात घोळून, तव्यावर तळून, बशीत चकत्या होऊन यायची. ती माशाच्या पोटात कशी दिसते हे बघायला मी कधी मागच्या दारी गेले नव्हते.

मागच्या दोघींपैकी एक बोलायला लागली. बाजारात कापणारे गाबोळी कशी मारतात ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून तर आपण घरच्या बाईला दिलं, विश्वासाने दिलं, आणि हिने सहा घरांची गाबोळी स्वतःच्या कढईत घातली. ती हे मला सांगत नव्हती, माझ्यासमोर मॅडमना सांगत होती. चाळीतली दारं उघडली. हे आतून उठून दारात आले. मुलगी आली. सगळे माझ्याकडे बघत होते.

आणि मी गप्प. खरं सांगायचं तर डबा तिथेच दोन हातांवर होता, उघडून दाखवायला क्षण पुरला असता. पण दाखवायचं म्हणजे काय सांगायचं? की मी मालवणी बाई, जिच्या हाताला शिकवावं लागत नाही, तिला गाबोळी ओळखू आली नाही? शेहेचाळीस वर्षांची घोडी मी, नवरा आणि मुलगी बघताहेत, गणपती महिन्यावर आलाय, आणि मी मनात हिशेब करत होते की चोर ठरणं बरं की मूर्ख. आणि माझं जवळजवळ ठरलं होतं, चोर. चोराला निदान काहीतरी येत असतं. आजही हे आठवलं की मला त्या शिंगाळ्याच्या राखेत तोंड घालावंसं वाटतं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. रिक्षातून उतरून, प्लास्टरचा हात छातीशी धरून, गर्दीतून वाट काढत. काय झालं ते त्यांना शेजारणीने येता येताच सांगितलं होतं. त्यांनी मला काही विचारलं नाही. विळीजवळची माझी बसकण बघितली, राख बघितली, आणि सरळ कचऱ्याच्या डब्याशी गेल्या. डाव्या हाताने डबा उचलला आणि मॅडमच्या पायाशी पालथा केला.

जे पडलं त्याचं वर्णन करत नाही. टॉवरच्या दोघी उड्या मारून मागे गेल्या. आतडी, कल्ले, खवले आणि माश्यांचा एक ढग. त्या सगळ्याच्या वर तळातून आलेल्या त्या पुड्या, दोऱ्याने बांधलेल्या, दुकानातल्यासारख्या. सासूबाईंनी वाकून एक उचलली, दाताने दोरा तोडला आणि उघडून मॅडमच्या नाकापुढे धरली.

"बघा. चोरलेली गाबोळी अशी कचऱ्यात गावता काय?" आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माजी सून चोर नाय. येडी आसा. हिका वाटला असतला, माशाक रोग झालो."

चाळ हसली. सगळीच्या सगळी. मुलगीसुद्धा तोंडावर हात धरून हसली. मी मान खाली घालून त्या घाणीकडे बघत उभी होते, आणि गंमत म्हणजे त्याही वेळी मला ओकारी येत होती.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ती पुडी हातात घेतली. दोन बोटांत नव्हे, तळहातावर. गाबोळी उलटीसुलटी करून बघितली. एका ठिकाणीही पडदा फाटलेला नव्हता, एक शीर फुटलेली नव्हती.

"ही धुतलीत तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, हो.

"टाकण्याआधी?"

मी म्हटलं, हो, घाण वाटत होती.

त्यांनी पुडी बंद केली, पर्समध्ये घातली. होय, पर्समध्ये. मला अजून ते आठवलं की शहारा येतो. बाकीच्या दोघींना त्यांनी सांगितलं की आजची गाबोळी गेली ती गेली, पुढच्या वेळी ताईंना विचारून द्या. आणि मला म्हणाल्या, "गौरी-गणपती गेल्यावर माझ्या मंडळाच्या बाराजणी एकदम देणार आहेत, दर रविवारचं काम. तुम्ही गावाहून कधी येणार?"

हाच तो प्रश्न होता. तीन महिने आमच्या घरात तो कुणी मोठ्याने विचारला नव्हता. हे माझ्यामागे दारात उभे होते, मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. मी मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर विचारावं लागलं असतं, आणि त्या दिवसापर्यंत मी येण्या-जाण्याची प्रत्येक गोष्ट विचारूनच केली होती.

"गौरी गेल्या की येणारा पहिला रविवार," मी म्हटलं. "सकाळी आठपासून पिशव्या पाठवा."

त्या गेल्या. मी खाली बसून ती घाण सुपलीने भरायला लागले. यांनी बादलीभर पाणी आणून माझ्याजवळ ठेवलं. मग म्हणाले, परतीची गाडी आता मिळणार नाही, वेटिंगसुद्धा बंद झालं असेल. मी म्हटलं, एस्टीने येऊ, उभ्याने येऊ. पाणी त्यांनीच ओतलं, मी झाडलं. त्यांच्या पायाला एक आतडं चिकटलं होतं, ते त्यांनी पाय आपटून झटकलं आणि तोंड असं केलं की मला बरं वाटलं. घरात मी एकटी नव्हते.

श्रावणभर विळी कोरडी राहिली. सासूबाईंचं प्लास्टर निघालं आणि त्यांनी मला पाटीवर खडूने माशाचं पोट काढून दाखवलं, कुठे पित्त, कुठे गाबोळी, कुठे काळीज, सातवीतल्या पोराला शिकवावं तसं. मी चित्र बघूनसुद्धा दोनदा तोंड फिरवलं. मुलीची अकरावी सुरू झाली होती, ती जायची-यायची, पण पुस्तकांना कव्हरं घालत नव्हती. आपण राहणार की जाणार हे तिला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. मी मॅडमना शब्द दिला होता, यांनी दिला नव्हता. गावी निघताना मी बॅगेत कपडे कमी घातले आणि यांनी ते बघून न बघितल्यासारखं केलं.

गावी गणपती बसले. पहिल्या दिवशी नैवेद्याचे मोदक वळायला मी आत चुलीजवळ बसले होते. महिनाभर माशाला हात लावला नव्हता, तरी उकड मळताना मला बोटांना वास येत होता. वास नव्हताच, मला येत होता. जाऊबाई शेजारी बसून पाऱ्या करत होत्या, त्यांना काही जाणवलं नाही. बाहेर ओटीवर मोठे दीर यांना सांगत होते की मागच्या पडवीचं छप्पर शाकारून घेतलंय, आता दोन खोल्या झकास होतील, गौरी गेल्या की एक दिवस मुंबईला जाऊन सामान तेवढं घेऊन ये.

मी हातातला मोदक तसाच धरून ठेवला. त्याची एक कळी चिरली.

मग सुपारी कातरल्याचा आवाज आला, आणि हे म्हणाले, "नाय दादा, राहायला जमणार नाय. हिचे रविवार असतात."

दिरांनी विचारलं, कसले रविवार. यांनी सांगितलं नाही, आणि मी आतून कशाला सांगते. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, परसात जाऊन हात परत एकदा साबणाने कोपरापर्यंत धुतले, आणि येऊन तो चिरलेला मोदक मोडून नव्याने वळायला घेतला.